अंडं न फोडता कळतं, पण कितव्या दिवशी?

‘अंड्याला टाचणीएवढंही भोक न पाडता आतला गर्भ नर की मादी ते ओळखणारं यंत्र’ असं कुठे वाचलं की लोक वा वा म्हणतात. मीही म्हणतो. फक्त त्यानंतर एक प्रश्न विचारायची मला खोड आहे : कितव्या दिवशी ओळखतं?

लिंगनिदान हा शब्द ऐकला की मराठी माणसाला आधी भलतंच आठवतं. इथे उलटं आहे, नकोसा असतो तो नर. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या जातीचा कोंबडा अंडी देणार नाही हे उघडच, पण तो ब्रॉयलरसारखा अंगानेही भरत नाही. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत तयार होतो, याला त्याच्या दुपटीहून जास्त दिवस दाणा घातला तरी हाताला हाडंच लागतात. म्हणून हॅचरीत २१ दिवस उबवून बाहेर आलेलं नर पिल्लू त्याच दिवशी मारतात, कार्बन डायऑक्साइडने किंवा सरळ यंत्रात दळून. जगभरात वर्षाला अशी सुमारे ७ अब्ज पिल्लं जातात, असा अंदाज आहे. अंडी मीही खातो, त्यामुळे हे वाक्य लिहिताना फार उंचावरून लिहीत नाहीये.

अंड्यात काय आहे ते आधीच कळावं ही हौस जुनी. अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलं की लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते. रोमन लेखक प्लिनीने नेमकं उलटं लिहिलं, गोल अंड्यातून मादी. पुढे रोमची सम्राज्ञी झालेल्या लिव्हियाने गरोदरपणात एक अंडं छातीशी धरून उबवलं, कोंबडा निघाला आणि तिला मुलगाच झाला, हाही किस्सा प्लिनीचाच. खरी पद्धत सापडायला १९२०चं दशक उजाडलं. जपानच्या कियोशी मासुई यांनी एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उलटून आतला बारीक उंचवटा बघायची युक्ती मांडली. सराईत माणूस तासाला हजारभर पिल्लं वेगळी करतो. पण तोवर पिल्लू बाहेर येऊन चिवचिवत असतं, घोडं तिथेच अडतं.

अंड्यातच ओळखायचं तर सोपा मार्ग भोक पाडायचा. जर्मनीत विकसित झालेल्या एका पद्धतीत लेझरने सुमारे ०.३ मिलिमीटरचं छिद्र पाडतात, थेंबभर द्रव बाहेर घेतात आणि त्यात मादीचं संप्रेरक आहे का ते नवव्या दिवशी तपासतात. काम चोख, पण कवच एकदा उघडलं की जंतूंना वाट मिळते, शिवाय प्रत्येक अंड्यामागे वेगळी चाचणी आली. म्हणून हॅचरीवाल्याला बिनभोकाचं यंत्र प्यारं.

आणि ते यंत्र खरंच सुंदर आहे. अंड्यावर तीव्र प्रकाश सोडायचा आणि पलीकडे आलेल्या प्रकाशाचे बारीक बारीक पट्टे मोजायचे. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित जातींत रंगाचा जनुक लिंगाला बांधलेला असतो : मुलगी तपकिरी पिसांची, मुलगा फिकट. तेराव्या दिवसापर्यंत पिसं फुटायला लागतात आणि त्यांचा रंग कवचातून ‘दिसतो’. पांढरी अंडी देणाऱ्या जातींत मात्र भाऊ-बहीण दोघंही एकाच रंगाचे, तिथे ही हिकमत चालत नाही. मग एमआरआय. होय, माणसांना ज्यात झोपवतात तोच प्रकार, अंड्यांच्या ट्रेसाठी. त्यातून बाराव्या दिवशी आतल्या अवयवांची ठेवण पाहून निकाल लावता येतो.

बारावा, तेरावा. माझा काटा इथेच अडकतो.

कारण पक्ष्यांमध्ये नर-मादीचा निकाल आईकडून लागतो. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं, कोंबड्याकडे दोन्ही झेड. म्हणजे अंडं घातलं जाण्याआधीच उत्तर आत लिहिलेलं असतं! आपण ते बाहेरून वाचायचं ठरवलं म्हणून शरीर ते बोलून दाखवेपर्यंत थांबावं लागतं. कवच शाबूत राहिलं हा फायदा अंड्याचा आणि हॅचरीचा. गर्भाचा फायदा फक्त एकाच गोष्टीत आहे, लवकर कळण्यात.

जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून पिल्लं मारायला बंदी घातली. मूळ कायद्यात पुढची पायरीही होती : २०२४ पासून सहाव्या दिवसानंतरचा गर्भही मारायचा नाही. नंतर ती मर्यादा बाराव्या दिवसापर्यंत सरकवली. त्यामागे संशोधन होतं हे मान्य. तेराव्या दिवसाआधी गर्भाला वेदना जाणवत असल्याचं दिसलं नाही. पण सहाव्या दिवसाआधी मोठ्या प्रमाणावर चालणारं यंत्र तयार नव्हतं, हेही तितकंच खरं. रेघ जरा यंत्राच्या सोयीने सरकली, असं मला वाटतं. आणि प्रकाशाच्या यंत्राचा तेरावा दिवस तर त्या रेघेपलीकडेच पडतो.

मी कर्मठ नाही. नवव्या दिवसाचा गर्भ आणि हातात फडफडणारं पिल्लू एकच, असं मी म्हणणार नाही. तेराव्या दिवसाचं यंत्रसुद्धा दळण्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी बरं. खर्चाचं रडगाणंही मला फारसं पटत नाही : हल्लीची लेअर वर्षाला ३०० च्या वर अंडी देते, एका तलंगेमागचा तपासणीचा खर्च तेवढ्या अंड्यांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतो. इस्राएलमध्ये तर याहून आधीचा उपाय चाललाय. आईच्या झेड गुणसूत्रात असा बदल करायचा की निळा प्रकाश पडला की फक्त नर गर्भाची वाढ सुरुवातीलाच थांबते. मुलीला ते गुणसूत्र जातच नाही. जनुक-संपादन म्हटलं की लोक बिचकतात, पण दिवस मोजायचे तर तोच सगळ्यांच्या पुढे आहे.

माझी तक्रार जाहिरातीशी आहे. खोक्यावर ‘पिल्लं न मारता’ छापतात, ते शब्दशः खरं असतं आणि त्यातच सगळं झाकलं जातं. युरोपात प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो, त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो : ० म्हणजे सेंद्रिय, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. त्याच शिक्क्यात आणखी एक आकडा बसवा. ४, ९, १२, १३, जो खरा असेल तो.