पाळकाच्या डोळ्यांतलं पाणी मंडळीला दिसू द्या

आमच्या भागात पाळकाला, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूला, खचायची मुभा नाही. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं की रात्री फोन पाळकसाहेबांना, भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून जुंपली की बोलावणं पाळकसाहेबांना. त्यांच्या स्वतःच्या घरात काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक आहे."

मला हे उत्तर आता ऐकवत नाही. यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांत राहणाऱ्याला या "सगळं ठीक आहे"ची किंमत माहीत आहे. कापसाच्या पट्ट्यात कितीतरी बापांनी सावकाराचं कर्ज बायकोलाही कळू दिलं नाही, आणि घरच्यांना कळलं तेव्हा माणूस गेलेला होता. अशा गावात रविवारी संदेश (प्रवचन) देणारा माणूस कधी घाबरत नाही, कधी थकत नाही असंच दिसत राहिलं, तर सतरंजीवर बसलेल्या शेतकऱ्यानं आपली भीती काढायची कुणाजवळ? त्याला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला.

२०१७ साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या हंगामातली एक उपासना मी विसरणार नाही. आमचे तेव्हाचे पाळक वयस्कर, त्यांचीही थोडी शेती होती. शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबले. म्हणाले, "मले आज संदेश जमत नाही. चार रोजापासून झोप नाही. कर्ज हाय, अन् प्रार्थनेले बसलो तं शब्द येत नाही." कुणी हललं नाही. मग मागून एक म्हातारी उठली. "तुमी बसा बाप्पा. आज आमी करतो तुमच्यासाठी प्रार्थना." बायांनी त्यांच्याभोवती उभं राहून प्रार्थना केली. त्या आठवड्यात तीन-चार पुरुष पाळकांच्या ओसरीवर जाऊन बसले. एकानं सावकाराचा आकडा पहिल्यांदा तोंडातून काढला. पाळकांची पत कमी झाली का? उलट लोक त्यांच्याजवळ खरं बोलू लागले.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याचा विधी बऱ्याच ठिकाणी होतो. चांगलाच आहे तो. पण बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याच्या आधी बाराव्यात मरीया त्याच्या पायांना सुगंधी तेल लावते आणि तो लावू देतो. पुढे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो पेत्र, याकोब, योहान या शिष्यांना सांगतो की माझा जीव अति खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. प्रभूनं शिष्यांकडे सोबत मागितली! आपल्या कन्व्हेन्शनच्या (मोठ्या ख्रिस्ती मेळाव्याच्या) मंचावर मधली मोठी खुर्ची, शाल, हार आणि नावाआधी तीन पदव्या घेणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. पाय धुणं एकवेळ जमतं. आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणं, येशू धुवायला आला तेव्हा, पेत्रालाही जड गेलं होतं.

यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती, मग ती पुण्याला गेली. देशभरातले पाळक आपल्या या मातीत शिकून गेले. त्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांनी तरी पाळकाला देखाव्यातला पुढारी करू नये.

एक मात्र स्पष्ट सांगतो. व्यासपीठावर दर आठवड्याला रडणं म्हणजे नम्रता नाही. दुसऱ्याच्या घरातलं गुपित संदेशात सांगणं तर विश्वासघातच. आणि जो पाळक डोळ्यांत पाणी आणतो पण अर्पणाचा हिशेब विचारला की चिडतो, त्याचं पाणी मला पटत नाही. प्रश्न विचारणाऱ्या वडिलांसमोर (मंडळीच्या जबाबदार ज्येष्ठांसमोर) शांत बसणं, चुकलं तर त्याच सभेत माफी मागणं, यात नम्रता कळते.

पण सगळा भार पाळकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो कमजोरी बोलला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीच चघळणारेही आपणच. बायबलात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसला, तेव्हा सासरा इथ्रो त्याला म्हणाला, हे तू बरं करत नाहीस, थकून जाशील, माणसं वाटून घे. आमच्यात इथ्रो कोण होणार?

आमच्या कमिटीपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. महिन्यातून एक रविवार संदेश दुसऱ्या कुणी द्यावा, मंडळीतल्या बहिणींपैकीही, आणि त्या दिवशी पाळकांनी कुटुंबासोबत खाली बसावं. आणि दोन वडिलांनी दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन, काही मागायला नाही, नुसतं "तुमचं कसं चाललंय" विचारावं. नाताळाआधी निर्णय व्हावा असा माझा आग्रह आहे. तुमच्या मंडळीत असं काही सुरू असेल तर लिहा, मला कमिटीत दाखवायचं आहे.