ते ११,५०० कोटी संशोधनाला गेलेच नव्हते

व्हॉट्सॲपवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा सारांश असा: "विजेच्या गाड्यांच्या संशोधनासाठी सरकारने कंपन्यांना ११,५०० कोटींचं अनुदान वाटलं. श्रीमंतांच्या मोटारी स्वस्त झाल्या, माल सगळा चीनचा निघाला, संशोधन शून्य. तंत्रज्ञानात दम असता तर कंपन्यांनी स्वतःचे पैसे घातले असते. शिवाय वीज शेवटी कोळशाचीच. म्हणून अनुदान बंद करा."

मला तो पाठवणाऱ्यांत पुण्याजवळच्या भोसरीत वर्कशॉप चालवणारे दोन मित्र आहेत. दोघंही मशिनवर उभे राहून काम केलेले, खोटं न बोलणारे. त्यांना तो पटला, म्हणूनच मुद्देसूद उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिला मुद्दा रकमेचा, आणि सगळी गल्लत इथेच झाली आहे. ११,५०० कोटी हा आकडा खरा आहे. एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या काळात चाललेल्या फेम-२ या केंद्राच्या विजेच्या वाहनांसाठीच्या योजनेची ती एकूण तरतूद. सुरुवातीला ती १०,००० कोटी होती, नंतर वाढवली. पण हे पैसे कशासाठी होते? ७,०४८ कोटी दुचाकी, तीनचाकी आणि चारचाकींच्या किमतीतल्या सवलतीसाठी. ४,०४८ कोटी बस आणि चार्जिंग केंद्रांसाठी. उरलेले सुमारे ४०० कोटी इतर खर्चासाठी. तंत्रज्ञान विकासाचं वेगळं खातंच त्यात नव्हतं. २०१५ साली सुरू झालेल्या फेम-१ मध्ये तो विषय निदान एक स्वतंत्र भाग म्हणून होता. तिची सगळी तरतूद ८९५ कोटींची.

सवलत मिळायची ती बॅटरीच्या क्षमतेवर. २०२१ च्या जूनपासून दुचाकीला किलोवॉट-तासामागे (म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे) १५,००० रुपये, कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्के. म्हणजे तीन किलोवॉट-तासांची बॅटरी असलेल्या स्कूटरला ४५,००० रुपयांपर्यंत. कंपनीने ती रक्कम आधी गिऱ्हाइकाच्या बिलातून वजा करायची आणि मग सरकारकडे मागायची. जून २०२३ मध्ये हाच दर १०,००० वर आणि मर्यादा १५ टक्क्यांवर आली. हा दुकानातल्या किमतीचा हिशेब आहे, प्रयोगशाळेचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे "११,५०० कोटी घालून संशोधन शून्य" हे वाक्यच चुकतं. ज्या कामाला पैसे दिलेच नाहीत, त्याचा निकाल कसा मागायचा?

श्रीमंतांच्या मोटारींबद्दल थोडक्यात. फेम-२ मध्ये खासगी वापराच्या चारचाकीला एक रुपयाही नव्हता. चारचाकी फक्त व्यावसायिक वापराच्या. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह या पुढच्या योजनेत तर मोटारीच नाहीत. वाहनांत दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक आणि १४,०२८ बस, एवढंच.

"माल चीनचा" या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. बॅटरीतले सेल बहुतांश बाहेरून येतात, मुख्यतः चीनमधून. देशी सुट्या भागांची अट मोडून सवलत घेतल्याचं आढळल्यावर अवजड उद्योग मंत्रालयाने काही स्कूटर कंपन्यांचे पैसे रोखले, वसुलीच्या नोटिसा काढल्या. तो राग योग्यच आहे. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि मोटरमधल्या चुंबकांचा पुरवठा आटला. काही महिन्यांतच बजाज ऑटोला चेतक या विजेच्या स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं, इथे, आपल्या पुण्यात. एखादा वॉशर मिळत नसला तर भोसरीत दुसऱ्या शेडमधून आणता येतो. चुंबकाचं तसं होत नाही. त्या चुंबकाशिवाय चालणारी मोटर किंवा दुसऱ्या रसायनाचा सेल उभा करायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं कुणीतरी पगार देऊन काढावी लागतात. चीनवर अवलंबून आहोत म्हणून विकासाचा निधी तोडायचा, हे आजारी माणसाचं औषध बंद करण्यासारखं आहे.

आता "कंपन्यांनी स्वतःचे पैसे घातले असते" हा मुद्दा. इतिहास उलटं सांगतो. लिथियम बॅटरीवर १९७० च्या दशकात एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीने काम सुरू केलं आणि पुढे ते सोडून दिलं. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र (बॅटरीचं धन टोक) तयार केला, तेव्हा विद्यापीठाने पेटंट घ्यायला नकार दिला. ते घेतलं ब्रिटनमधल्या हार्वेलच्या सरकारी अणुसंशोधन केंद्राने. सोनीने ही बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. आज स्कूटर-बसमध्ये दिसणारी लोह-फॉस्फेट बॅटरी १९९७ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठातल्या संशोधनातून आली. टेस्लाचं नाव या वादात नेहमी निघतं, पण टेस्लालाही २०१० मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. ते २०१३ मध्ये मुदतीआधी फिटलं. त्याच योजनेतून कर्ज घेतलेली फिस्कर ही मोटार कंपनी बुडाली. ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी कंपनीने सुमारे २५ कोटी डॉलरचं अनुदान मिळूनही २०१२ मध्ये दिवाळं काढलं. नव्या तंत्रज्ञानात काही पैसे बुडतात. सुरुवातीच्या टप्प्यावर खासगी पैसा कचरतो तो यामुळेच.

आपल्याकडची उदाहरणं लहान आहेत, पण आहेत. एथर या स्कूटर कंपनीच्या संस्थापकांना २०१४ मध्ये मिळालेल्या ४५ लाखांच्या बीजभांडवलात केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाचा वाटा होता. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेच्या योजनेतून पुण्यात पाषाणच्या एनसीएल या रसायन प्रयोगशाळेत आणि तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं इंधनघटावर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटावर, काम झालं. त्यातून २०२० मध्ये केपीआयटी या पुण्याच्या कंपनीबरोबर चाचणीची मोटार आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस उभी राहिली. तिच्या नळकांड्यातून धुराऐवजी फक्त पाणी. मजकुरातलं "शून्य" हे या लोकांवर अन्याय करणारं आहे.

कोळशाबद्दल फार लिहीत नाही. आपली सुमारे ७० ते ७५ टक्के वीज कोळशाची आहे, हे खरं. तरीही आयसीसीटी या वाहन-प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात, बॅटरी बनवण्यापासूनचं उत्सर्जन धरूनही, भारतात विजेच्या मोटारीचं आयुष्यभराचं उत्सर्जन पेट्रोल मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी निघालं. आणि स्वारगेटच्या सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाणारा धूर तर आजच थांबतो.

राहता राहिलं "अनुदान बंद करा". खरेदीवरची सवलत हळूहळू कमी करावी, हे मलाही मान्य आहे. सरकार ते करतंच आहे. पण ही सवलत आणि संशोधनाचा निधी एकाच पोत्यात घालू नका. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने २०२४ मध्ये विजेच्या वाहनांसाठी मोहीम जाहीर केली. तिचे तीन विषय म्हणजे आपल्या उन्हाळ्यात टिकणारी बॅटरी, मोटर व तिची नियंत्रणं, आणि चार्जिंग. २०२२ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या स्कूटर आठवा, म्हणजे पहिला विषय का आहे ते कळेल. माझी भाची अशाच एका बॅटरीच्या प्रकल्पावर होती. शिष्यवृत्ती सात महिने रखडली, घरभाडं थकलं, आणि तिने एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली. तिचं टेबल अजून रिकामं आहे.