शेवटच्या बाकावर कुणीतरी येऊन बसायला हवं

विभागात नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने परवा मला विचारलं, "मॅडम, माझा तास चांगला होतो की नाही, हे मला कळणार कसं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. दीड वर्ष आम्ही एकाच मजल्यावर शिकवतोय, पण मी त्याचा एकही तास पाहिलेला नाही आणि त्याने माझा पाहिलेला नाही. त्याचे शोधनिबंध मात्र मी वाचलेत, कारण ते समितीपुढे आले होते.

संशोधन शिकताना आमच्या शेजारी वर्षानुवर्षं कुणीतरी असतं. मसुदा लाल खुणांनी भरून परत येतो, परिषदेत लोक उलटसुलट प्रश्न विचारतात. शिकवायला मात्र रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात उभं राहायचं, तेही दार लावून, एकटीने.

माझ्या पहिल्या नोकरीत मार्गदर्शक म्हणून मला विभागप्रमुखच दिले होते. माणूस भला होता, मला वेळही द्यायचे. पण वर्षअखेरीस माझा मूल्यमापन अहवाल त्यांनीच लिहायचा होता. संभाव्यता शिकवताना वर्ग पार हरवतोय, हे मला मुलांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. विभागप्रमुखांसमोर बसलं की मात्र मी म्हणायचे, "सगळं छान चाललंय, सर." दोन वर्षं म्हणत राहिले. त्या दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांची खंत मला आजही आहे.

मग भाषा विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम एक दिवस सहज म्हणाल्या, "तुझ्या तासाला येऊन बसू का? मी जे टिपेन ते तुझ्याकडेच राहील." त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच कदाचित मी हो म्हटलं. तास संपल्यावर त्यांनी एक कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर ना शेरा होता ना सल्ला. मी विचारलेले चौदा प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे एक आकडा. १, १, २, १... प्रश्न विचारल्यावर मी किती सेकंद थांबले, ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं. चौदापैकी अकरा प्रश्नांची उत्तरं मी स्वतःच देऊन टाकली होती.

पुढे विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांच्या कामाबद्दल वाचलं. १९७०च्या दशकात त्यांनी शाळांच्या विज्ञानवर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून हेच दाखवलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे मी आधी वाचलं असतं तरी ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असंच मला वाटलं असतं. त्या कागदावरचे आकडे माझे होते.

म्हणून माझं ठाम मत आहे, की सोबत करणारा आणि गुण देणारा ही दोन वेगळी माणसंच असली पाहिजेत. सुधारण्यासाठी केलेलं मूल्यमापन आणि निवाड्यासाठी केलेलं मूल्यमापन यांना मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्येच वेगवेगळी नावं दिली. तरी अजून आपण दोन्ही एकाच खुर्चीत बसवतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९६२ पासून अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथला सल्लागार सत्राच्या मध्यावर, प्राध्यापक वर्गाबाहेर असताना, विद्यार्थ्यांशी बोलतो आणि ते बोलणं फक्त त्या प्राध्यापकापर्यंत पोहोचवतो. सत्र हातात असतानाच कळतं, हेही महत्त्वाचं. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या अर्जांचा त्या वर्गातल्या मुलांना काय उपयोग?

कार्यशाळांबद्दलही बोलायला हवं. दोन दिवस बसायचं, प्रमाणपत्र घ्यायचं आणि सोमवारी पुन्हा तेच फळ्याकडे तोंड. वक्ते चांगले असतात, पण आपल्या विषयातल्या आपल्या अडचणीपर्यंत ते कसे पोहोचणार? भौतिकशास्त्रात २००१चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वेगळी वाट धरली. त्या त्या विषयात मुरलेली आणि अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं त्यांनी थेट विभागांत नेमली. ती प्राध्यापकांसोबत बसून एकेक अभ्यासक्रम नव्याने घडवायची. मला हे फार पटतं. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तो द्यायला हवा.

वेळेचं तर विचारूच नका. मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठांच्या कार्यभारात हे काम बहुतेक ठिकाणी धरलंच जात नाही. ते हौसेवर चालतं, आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याच गळ्यात पडतं. आठवड्याचा एक तास कागदोपत्री कमी करून द्या, मग बघा किती जण पुढे येतात.

आणखी एक. मार्गदर्शक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पीएचडीचे गाइड येतात, म्हणजे सगळ्याच गोष्टींना पुरणारा एकच माणूस. नव्या प्राध्यापकाला असा एकच माणूस पुरत नाही. वर्ग पाहायला एक, अनुदानाचा प्रस्ताव वाचायला दुसरा, आणि "या समितीला नाही म्हण, तुझा लेख आधी पूर्ण कर" असं हक्काने सांगायला तिसरी.

त्या सहकाऱ्याला मी म्हटलं, तुझ्या तासाला येते, पण आधी तू माझ्या तासाला ये. तो संकोचला. मग मी त्याला मॅडमचा तो कागद दाखवला. अजून जपून ठेवलाय. सोमवारी तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणार आहे. सेकंद मोजायला सांगितलेत.