पासवर्ड बदलण्याआधी शेजारच्या संगणकावर लॉगिन करून पाहा

विद्यापीठाच्या एका विभागातील सामायिक संगणकांची देखभाल मी काही वर्षांपासून करत आहे. "लॉगिन होत नाही" ही तिथली रोजची तक्रार, आणि "पासवर्ड रीसेट करून घ्या" हे तिला मिळणारे ठरलेले उत्तर. दोष नेमका कुठे आहे हे न पाहता दिलेले हे उत्तर विद्यार्थ्यांचा वेळ तर घेतेच, पण चूक त्यांचीच आहे असेही त्यांच्या मनावर ठसवते, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

प्रबंधाचे प्रकरण सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी एक संशोधक विद्यार्थिनी लिनक्स असलेल्या संगणकासमोर बसली होती. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट समोर येई. तोवर तिचा पासवर्ड दोनदा रीसेट झाला होता. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश दिसला असता. तो दिसत नव्हता, याचा अर्थ पासवर्ड स्वीकारला जात होता आणि अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यावर होती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबून साधा अक्षरी पडदा उघडला, तेव्हा तिथे ती त्याच पासवर्डने पहिल्याच प्रयत्नात आत गेली. तिच्या होम फोल्डरचा, म्हणजे तिच्या फाइली साठवण्यासाठी ठरवून दिलेल्या जागेचा, कोटा पूर्ण भरला होता. ग्राफिकल लॉगिन होताना तिथे एक लहानशी फाइल लिहिली जाते, आणि तेवढीही जागा उरलेली नव्हती. ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली काढून टाकल्यावर काम सुरू झाले. "माझंच काहीतरी चुकत असेल," असे ती तोवर तीनदा म्हणाली होती, आणि तिचे ते शब्द मला आजही बोचतात.

सामायिक संगणकावर लॉगिन होण्यासाठी तुमचे खाते सुरळीत असावे लागते, तो संगणक सर्व्हरशी, म्हणजे खाती तपासणाऱ्या मध्यवर्ती संगणकाशी, नीट बोलत असावा लागतो आणि तुमचे फोल्डर उघडावे लागते. यांपैकी काय बिघडले आहे हे ओळखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याच नावाने शेजारच्या संगणकावर लॉगिन करून पाहणे. तिथे जमले तर पासवर्डला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

विंडोजच्या बाबतीत एक गोष्ट विशेष फसवी आहे. नेटवर्क तुटलेले असले तरी त्या संगणकावर पूर्वी बसलेल्यांचे लॉगिन होते, कारण विंडोज सहसा शेवटच्या 10 वापरकर्त्यांची पडताळणी स्वतःजवळ जपून ठेवते. त्यामुळे नेहमीचे प्राध्यापक सहज आत जातात, नवा विद्यार्थी बाहेर राहतो, आणि संगणक ठीक आहे, विद्यार्थीच चुकतो आहे, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात मागची नेटवर्कची तार निघालेली असते.

घड्याळाचेही तसेच. एमआयटीमध्ये 1983 साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथीनामागे, विद्यार्थ्याने कोणत्याही संगणकावर बसावे आणि त्याचे काम तिथे त्याच्यासमोर यावे, ही कल्पना होती. त्यातून पुढे आलेली कर्बेरॉस ही पडताळणीची पद्धत आजही असंख्य विद्यापीठांत वापरली जाते. संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत ठरावीक मर्यादेपेक्षा, सहसा 5 मिनिटांपेक्षा, जास्त फरक पडला की ती लॉगिन नाकारते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकात, विशेषतः दीर्घ सुट्टीनंतर, हे हमखास घडते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आणि वेळ आधी वाचावी.

रीसेट करूनही खाते काही मिनिटांत पुन्हा बंद पडत असेल, तर मी प्रथम विद्यार्थ्याचा फोन पाहतो. वायफायसाठी त्यात जतन केलेला जुना पासवर्ड फोन आपणहून पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे इथे रीसेट हाच नव्या अडचणीचा उगम असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठरावीक मुदतीने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये असे म्हटले आहे, आणि तो सल्ला विद्यापीठांनी गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते.

या सगळ्या त्रासाला कंटाळून काही विभाग एकच सामायिक लॉगिन तयार करतात आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतात. त्यामागची अगतिकता मला समजते, तरीही माझा त्याला ठाम विरोध आहे. एकाचा प्रबंध दुसऱ्याच्या हातून पुसला गेला तर ते कोणी केले हे नंतर कळत नाही, आणि ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली एकाची ईमेल पुढे येणाऱ्या प्रत्येकासमोर खुली राहते.

तक्रार करताना केवळ "लॉगिन होत नाही" एवढेच न लिहिता पडद्यावरील संदेशाचा फोटो, संगणकाचा क्रमांक, शेजारच्या संगणकावर काय झाले ते आणि नेमकी वेळ कळवा. पासवर्ड मात्र कोणालाही सांगू नका; तो आम्हाला लागत नाही. वेळ मिनिटासह हवी, कारण सर्व्हरच्या नोंदीत त्याच मिनिटासमोर लॉगिन का नाकारले गेले याचे कारण बहुधा लिहिलेले सापडते.