व्हायकिंग 'शुद्ध रक्ता'चे होते? खुलासा

व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्ककडचे दर्यावर्दी लढवय्ये. सोनेरी केसांच्या योद्ध्याचं चित्र लावलेला एक मेसेज सध्या फिरतोय: 'व्हायकिंगांनी आपलं रक्त कधी मिसळू दिलं नाही, आइसलँडमध्ये ते आजही शुद्ध आहे.' हे साफ खोटं आहे, आणि नेमकं आइसलँडच त्याचा पुरावा देतं.

साधारण 870 ते 930 या काळात तिथं वस्ती झाली. आजच्या आइसलँडकरांच्या जनुकांवरून दिसतं की वसाहत करणारे बहुतेक पुरुष नॉर्वेकडचे होते, पण निम्म्याहून जास्त स्त्रिया आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. त्यातल्या कितीतरी जणींना गुलाम म्हणून पकडून आणलं होतं. 'शुद्धते'च्या गप्पांत या बायकांना जागाच नसते, याचा मला खरंच संताप येतो.

2020 साली 442 प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग तलवारींसह पुरलेले दोघे जण त्यात होते. त्यांची जनुकं मात्र आजच्या आयरिश-स्कॉटिश लोकांशी जुळली. म्हणजे स्थानिक माणसंही व्हायकिंग रीतीनं जगत होती आणि मेल्यावर तशीच पुरली जात होती. आणि हो, बऱ्याच व्हायकिंगांचे केस तपकिरी होते.