‘सातबारा पाहिला की पुरे’ या सल्ल्याची तपासणी

जमीन घेऊ पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर मोठ्या प्रमाणात फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सातबारा आता मोबाइलवर दिसतो आणि त्यावर ज्याचे नाव तोच मालक, इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, बोजा (कर्ज वा अन्य भार) आढळला नाही तर जमीन निर्वेध, खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे सरकारने व्यवहाराची हमी घेतली, त्यानंतर फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातील नावबदलाची नोंद, आपोआप होतो, आणि म्हणून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध, वकिलाचा अहवाल व कार्यालयातील जुनी दप्तरे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय. यांतील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती सहज पटतात. महाराष्ट्रातील कायदा आणि दप्तराची प्रत्यक्ष रीत यांच्याशी मात्र ती जुळत नाहीत.

पहिले विधान मालकीचे, आणि तेच सर्वांत घातक आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, अर्थात अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, यांचा एकत्र उतारा. महसूल कोणाकडून घ्यायचा आणि जमीन कोण कसतो हे शासनाला कळावे, हा त्यामागचा मूळ हेतू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद खरी मानली जाते, हे बरोबर. पण तेच कलम पुढे सांगते की विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि संपुष्टातही येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, १९९७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकीचा वाद उद्भवला तर तो दिवाणी न्यायालयात जातो आणि तेथे उतारा हा पुराव्यातील अनेक कागदांपैकी एक कागद ठरतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी उताऱ्यावरील तीन-चार अक्षरेही पुरतात. जुन्या नोंदींत नावामागे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे उताऱ्यावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव दिसत असले, तरी त्यामागे धाकटे भाऊ, आणि वडील वारले असतील तर आई व बहिणी उभ्या असतात. पुढे कधीतरी उतारा नव्याने लिहिताना किंवा संगणकावर चढवताना ती अक्षरे गळाली, तर एकच स्वच्छ नाव शिल्लक राहते. घेणारा ते नाव पाहून निश्चिंत होतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता कुटुंबाच्या गरजेसाठी मिळकत विकू शकतो, हे खरे. मात्र तशी गरज होती किंवा आपण तिची प्रामाणिकपणे चौकशी केली होती, हे दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. मुलींच्या बाबतीत तर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने त्यांना जन्मतःच सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सेदाराचा, हक्क मिळाला आहे आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले आहे. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटपाचा किंवा विक्रीसारख्या व्यवहाराचा. तेव्हा ‘बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नाही’ या वाक्याचा अर्थ एवढाच की ते लावले गेलेले नाही. तिने हक्क सोडला असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोठेतरी असले पाहिजे, आणि ते मागितले पाहिजे.

नावाकडे पाहणारे बहुतेक लोक ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. कुळ, सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, हस्तांतरणावरील शर्त अशा गोष्टी तेथेच असतात. भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे निर्बंध असू शकतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीसाठी संहितेचे कलम ३६ व ३६ अ पाहावे लागते. शिवाय ज्या मोफत उताऱ्याचा हवाला हा मजकूर देतो, तो शासकीय वा कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही, अशी सूचना खुद्द त्या संकेतस्थळावरच असते. त्यासाठी शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. शहरी भागात, नगर भूमापन झालेले असेल तर, मुळात सातबारा नव्हे तर मालमत्ता पत्रक पाहायचे असते. आणि चतुःसीमा यांपैकी कोणत्याही उताऱ्यावरून जमिनीवर उमटत नाहीत. त्या मोजणीतूनच कळतात.

दुसरे विधान इंडेक्स टूचे. सूची क्रमांक दोन म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा : दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, लिहून देणारा व घेणारा, तारखा, दस्त क्रमांक. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ मुळे ही सूची आणि स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक एक कोणालाही फी भरून पाहता येते, ही मोठीच सोय आहे. परंतु जे नोंदवलेच गेले नाही, ते सूचीत येणार कसे? मृत्यूने मिळालेला वारसाहक्क, तोंडी वाटप, नोंदणी न केलेले मृत्युपत्र (त्याची नोंदणी ऐच्छिकच आहे), प्रतिकूल ताबा (मालकाविरुद्ध दीर्घकाळ उघडपणे ठेवलेला कब्जा), न्यायालयात चालू असलेला दावा, यांपैकी पुष्कळसे सूचीबाहेरच राहते. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाचा पत्ता लावण्यासाठी महाराष्ट्रात आता सूचनापत्राची व्यवस्था आहे, आणि २०११ पासून सरसाई ही केंद्रीय नोंदणीही आहे. ती वेगळी तपासावी लागते.

याहून सूक्ष्म अडचण तारखेची आहे. दस्त लिहून दिल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करता येतो, आणि कलम ४७ प्रमाणे नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर लिहून दिल्याच्या दिवसापासून अंमलात येतो. समजा, एकाने १० जानेवारीला खरेदीखत लिहून दिले आणि ते एप्रिलमध्ये नोंदवले गेले. मधल्या काळात, मार्चमध्ये, त्याच जमिनीचे दुसरे खरेदीखत दुसऱ्याला लिहून देऊन त्याच दिवशी नोंदवले. दुसऱ्या घेणाऱ्याने मार्चमध्ये घेतलेला शोध अगदी निर्मळ निघाला असणार. तरीही सर्वसाधारणपणे पहिला दस्त वरचढ ठरतो. म्हणून शोध व्यवहाराआधी एकदा घेऊन भागत नाही. नोंदणीच्या आधी आणि नंतर चार महिन्यांनी पुन्हा घेणे शहाणपणाचे, आणि मूळ दस्त विकणाऱ्याच्या हातात आहेत की नाहीत हे पाहणे त्याहून शहाणपणाचे.

शोध चुकतो तो बहुधा क्रमांकांमुळे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली योजना राबवली गेलेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे शहर वाढले, नगर भूमापन झाले आणि त्याच जमिनीला सिटी सर्व्हे क्रमांक मिळाला. मध्ये हिस्से पडले, फाळणी झाली, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदलाची नोंद) झाले. केवळ आजच्या गट नंबराने शोध घेणाऱ्याला एकत्रीकरणापूर्वीचे काहीच सापडत नाही, आणि ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ तो ‘काही नाही’ असा लावतो. शिवाय पुण्याच्या हवेलीसारख्या तालुक्यात अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालये, म्हणजे दस्त नोंदणीची कार्यालये, आहेत. एका कार्यालयाची सूची चाळून शोध पुरा झाला, असे तेथे म्हणता येत नाही. वर्णनात गावाचे नाव किंवा हिस्सा वेगळा टंकलेला असला, तर संगणक तो दस्त दाखवत नाही. सूचीची पाने उलटणारा माणूस विकणाऱ्याच्या नावावरून तो पकडतो.

तिसऱ्या विधानाला, म्हणजे नोंदणी ही सरकारी हमी आहे याला, फार वेळ देण्याचे कारण नाही. शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ सांगते, आणि त्याच कलमानुसार नुसत्या साठेखताने, म्हणजे विक्रीच्या कराराने, मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. तथापि दुय्यम निबंधक पाहतो ते मुद्रांक, पक्षकारांची ओळख, त्यांची कबुली आणि कार्यक्षेत्र. लिहून देणाऱ्याची मालकी तपासणे हे त्याचे काम नव्हे. विकणाऱ्याने आपली मालकी दाखवल्याशिवाय दस्त नोंदवू नये, असा तामिळनाडूतील एक नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याच कारणावरून रद्द केला. आपल्याकडे दस्त नोंदला जातो, मालकी नव्हे. मालकीचीच नोंद करून तिला शासनाची हमी देणारी टॉरेन्स पद्धत १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झाली. ती येथे नाही.

चौथे विधान अर्धे खरे आहे. नोंदणीकृत दस्ताची माहिती जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ खाली महसूल यंत्रणेकडे जाते, ई-फेरफार प्रणालीमुळे ती आता लवकर जाते, आणि घेणाऱ्याला वेगळी वर्दी द्यावी लागत नाही. पण माहिती पोहोचणे आणि फेरफार होणे या दोन गोष्टी आहेत. तलाठी (अलीकडच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतींची वाट पाहिली जाते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो अथवा नामंजूर करतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होऊन तिची सुनावणी चालते. नोंद प्रमाणित झाल्यावरच जुन्या नावाला कंस होतो, म्हणजे ते रद्द ठरते. तोवर उताऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव असते, आणि एकच जमीन दोनदा विकणाऱ्यांना हा काळ फार उपयोगी पडतो.

राहिले शेवटचे, तीस वर्षांच्या शोधाचे. हा आकडा वकिलांनी फी वाढवण्यासाठी काढला, असा त्या मजकुराचा सूर आहे. मुदतीचा कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ६१ नुसार गहाण मिळकत सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षे आहे. शासनाने लावायच्या दाव्यांनाही अनुच्छेद ११२ खाली तेवढीच मुदत आहे. योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांचा दस्त खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. आकडा येतो तो अशा तरतुदींवरून. इतका जुना दस्त का पाहावा लागतो, याचे जुने उदाहरण मुदत खरेदीचे आहे. सावकाराला जमीन ‘विकायची’, आणि ठरल्या मुदतीत रक्कम परत केल्यास ती परत मिळावी अशी अट घालायची. १९२९ च्या दुरुस्तीपासून ही अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते, तरच व्यवहार गहाण ठरू शकतो. आता फेरफारात मात्र नोंद लिहिणाऱ्याने नुसते ‘खरेदीने’ एवढेच लिहिलेले असते. सातबाऱ्यावर सावकाराच्या वारसाचे नाव, इतर अधिकारात काही नाही, आणि गोषवाऱ्यातही अट उतरलेली असेलच असे नाही. ती अट दिसते पुस्तक क्रमांक एकमधल्या दस्ताच्या पूर्ण नकलेत, बहुधा मोबदल्याचा मजकूर संपल्यानंतरच्या परिच्छेदात. त्यासाठी नकलेचा अर्ज करावा लागतो, आणि नक्कल हाती आल्यावर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते.