खुलासा: संथ फिल्म आणि ट्रायपॉडची सक्ती

‘आयएसओ ६ ची कृष्णधवल फिल्म ट्रायपॉडशिवाय वापरताच येत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. भर उन्हात तरी ते खरं नाही. (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचा आकडा. तो जितका लहान, तितकी फिल्म ‘संथ’ आणि तितका जास्त प्रकाश लागतो.)

हिशेब साधा आहे. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ वर, म्हणजे बरंच बारीक ठेवलं तर शटर साधारण १/आयएसओ सेकंद उघडं ठेवावं लागतं, म्हणजे इथे १/६ सेकंद. एवढ्यात हात हलणारच, म्हणून ट्रायपॉड हवा हा समज. पण छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडा. पाच स्टॉप मिळतात (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) आणि शटर १/२०० च्या आसपास जातं. ५० मिमी लेन्स असेल तर हातात धरून खुशाल काढा. फोकस मात्र जपून, कारण स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. सावलीत शिरलात की ट्रायपॉड लागतोच.

खरी अडचण वेगळीच, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अशा संथ फिल्मपैकी काही मुळात सिनेमाच्या प्रिंटसाठी बनलेल्या, फक्त निळा प्रकाश ओळखणाऱ्या. संध्याकाळचं पिवळं ऊन प्रकाश मोजणाऱ्या मीटरला भरपूर वाटतं, फिल्मला ते जवळजवळ दिसतच नाही. अशा वेळी मीटरवर विसंबू नका, एक-दोन स्टॉप जास्त द्या.

‘संथ फिल्म लाल दिव्यात धुता येते’ हेही सरसकट खरं नाही. निळ्यापुरत्या संवेदनशील फिल्मला ते चालतं. अ‍ॅडॉक्स सीएमएस २० या संथ फिल्मला लाल प्रकाशही दिसतो. ती धुण्याच्या टाकीत भरताना पूर्ण अंधारच हवा.